वर्षावास आणि रोवणी एकाच वेळी येतात. गावच्या विहारात भंतेजी तीन महिने कसे राहतील?

वैनगंगाकाठ

सर्वांना जयभीम, नमो बुद्धाय.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात. ज्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप निघाला, ती पवनी. बौद्ध मोहल्ल्यात चव्वेचाळीस घरं आहेत. विहार पक्का आहे. आधी दलित वस्ती सुधारच्या पैशातून साधं समाजमंदिर झालं होतं, मग वर्गणी करकरून आम्ही टाइल्स बसवल्या, वर घुमट केला, आत थायलंडहून आलेली मूर्ती बसवली. बुद्ध पौर्णिमेला आणि १४ एप्रिलला पाय ठेवायला जागा नसते. बाकी दिवस कुलूप असतं. किल्ली आमच्या घरी खुंटीला असते, म्हणून मला ते रोज दिसतं.

गेल्या वर्षी पहिल्यांदाच आम्ही एका भंतेजींना (भिक्खूंना) वर्षावासासाठी विनंती केली आणि ते आले. वर्षावास म्हणजे भिक्खूंनी पावसाळ्याचे तीन महिने एकाच जागी राहणं, आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा. भोजनदानाची पाळी लावली: रोज एक घर, म्हणजे एका घराला तीन महिन्यांत जेमतेम दोनदा. कागदावर फार सोपं वाटलं. यादी लिहून दाराच्या आत चिकटवली. पहिले बारा-पंधरा दिवस तर काय विचारता. कोणी खीर, कोणी पुऱ्या, एका घरून वास्त्यांची भाजी. संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन, पोरं समोर बसलेली.

मग पाऊस लागला. पऱ्हे (धानाची रोपं) तयार होते, पाणी उशिरा आलं, त्यामुळे साऱ्या गावची रोवणी, म्हणजे रोपांची लावणी, एकाच आठवड्यात आली. ज्यांना धानाची शेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: त्या दिवसांत बाई पहाटे चारला उठते, डबा बांधते, सहाला बांधीत (धानाच्या शेतात) उतरते आणि अंधार पडता पडता घरी येते. आमच्या मोहल्ल्यातल्या निम्म्या बाया गुत्त्याने (ठेक्याने) दुसऱ्यांच्या बांधीत जातात. एक दिवस घरी राहिलं तर ती रोजी गेली आणि टोळीतली जागाही गेली. आणि भंतेजींचं जेवण तर दुपारी बाराच्या आत व्हायला हवं.

एक दिवस मी डिझेलची कॅन घ्यायला एक वाजता गावात आलो. विहाराचं दार उघडं होतं. भंतेजी वाचत बसले होते. खिडकीत पात्र उपडं ठेवलेलं, धुतलेलं, त्याच्या काठावरून पाण्याचा थेंब ओघळत होता. मी विचारलं, "भंतेजी, भोजन झालं?" ते म्हणाले, "आज पाणी घेतलं." मी यादी पाहिली. त्या दिवशीचं घर आमच्याच शेजारचं होतं. नवराबायको दोघंही रोवणीवर. माझ्या चिखलाच्या पायांचे ठसे त्यांच्या स्वच्छ फरशीवर उमटले होते, तेवढेच मी बघत राहिलो. बाराची वेळ टळून गेली होती, आता मी काही आणून दिलं असतं तरी त्यांनी घेतलं नसतं.

घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "वीस बायायसाठी बांधीत चहा नेला तू, अन् एका मानसासाठी भात नाही नेता आला?"

मागाहून कळलं, तो तिसरा दिवस होता. श्रावण संपायच्या आत भंतेजी नागपूरला गेले. तब्येतीचं कारण सांगितलं, कोणाला एक शब्द बोलले नाहीत. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, महावग्गात स्पष्ट आहे, वर्षावासात पुरेसं अन्न मिळत नसेल तर भिक्खूने ती जागा सोडली तरी त्याला दोष लागत नाही. त्यांच्याकडे दोष नाही. आमच्याकडे आहे.

त्यानंतर समितीत काही जण म्हणाले, मंडपवाल्याला आगाऊ दिले आहेत, बाहेरून पाच भिक्खू बोलावून कठीण चीवरदान (वर्षावास संपल्यावर भिक्खूंना वस्त्र देण्याचा सोहळा) करून टाकू. मी नाही म्हटलं. जिथे वर्षावास पूर्णच झाला नाही तिथे कठीण कशाचं? त्यावरून दोन घरं अजूनही माझ्याशी नीट बोलत नाहीत.

यंदा परत प्रयत्न करायचा आहे. घुमट, गेट, मूर्ती यासाठी पैसे कसे उभे करायचे ते आम्हाला येतं. रोज अकरा वाजता एक ताट कसं उभं करायचं ते येत नाही. तुमच्या गावात हे कसं चालतं? धानपट्ट्यातल्यांनी जरूर लिहा.

पिंपळपान

जयभीम दादा. मी ब्रह्मपुरी तालुक्यातली. आमच्याकडेही धानच, त्यामुळे तुमचा आठवडा डोळ्यांसमोर आला.

आमच्या गावात सहा वर्षं सलग वर्षावास झाला आहे. पहिल्या वर्षी आम्हीही पाळीच लावली होती आणि रोवणीत तशीच मोडली. आता दोन गोष्टी करतो.

पहिली, मूठ. प्रत्येक घरात सकाळी भाताचं आधण ठेवताना एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायचा. दर पौर्णिमेला आणि अमावास्येला वंदनेला येताना तो डबा आणून विहारातल्या पिंपात रिकामा करायचा. गरिबातल्या गरीब घरालाही मूठ जड जात नाही, आणि मुख्य म्हणजे रोज सकाळी त्या बाईला विहाराची आठवण होते. डाळ, तिखट, तेल ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे. लाखोळीची डाळ तर चुरणीनंतर कोणीही पायलीभर देतो.

दुसरी, रोवणीच्या वीस-बावीस दिवसांत घरोघरची पाळी पूर्ण बंद. तेवढे दिवस स्वयंपाक विहारातच होतो. मागे पत्र्याची खोली आहे, गॅस आहे. ज्यांना आता वाकून रोवणी होत नाही अशा दोन वयस्क उपासिका स्वयंपाक करतात आणि त्यांना समिती रोजी देते. हो, रोजी. सुरुवातीला "धम्माच्या कामाचे पैसे कसे घ्यायचे" असं त्याच म्हणाल्या. आम्ही म्हटलं, मावशी, दान सगळ्या गावाचं आहे, तुम्ही एकट्याने का द्यायचं?

माझे आजोबा १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याला दीक्षेला गेले होते. तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत. सोबत भाकरी आणि तिखटाची पुडी होती असं सांगायचे. गावात विहार व्हायला त्यानंतर तीस वर्षं गेली, आणि त्यात भंतेजी राहायला आणखी तीस. उशीर झाला म्हणून वाईट वाटतं, पण तुम्ही एका वर्षात थकू नका.

निळी_पहाट

धागाकर्त्यांची कळकळ पोचली. तरी एक प्रश्न मनापासून विचारते, राग मानू नये.

गावात कायम भिक्खू हवाच का? नामकरण, मंगल परिणय, पुण्यानुमोदन, सगळे संस्कार आमच्याकडे भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य करतात. ते गावचेच, नोकरी किंवा शेती सांभाळून करतात. बाबासाहेबांनी १९५० मध्ये 'महाबोधी' मासिकाच्या अंकात लिहिलेल्या लेखात त्या काळच्या भिक्खूसंघावर कडक टीका केली आहे: त्यांच्यात विद्याही नाही आणि सेवाही नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रास्ताविकातही त्यांनी प्रश्न ठेवला आहे की बुद्धाने भिक्खू निर्माण केला तो कशासाठी, आदर्श पुरुष म्हणून की समाजसेवक म्हणून. मग ज्या गावात शिकवणीला मास्तर नाही, पोरी दहावीनंतर घरी बसतात, तिथे तीन महिन्यांची वर्गणी अभ्यासिकेला का देऊ नये?

वैनगंगाकाठ

निळीताई, राग कशाचा. हाच प्रश्न आमच्या मोहल्ल्यातली शिकलेली पोरं विचारतात.

माझं उत्तर गेल्या वर्षीच्या त्या बारा-पंधरा दिवसांतलं आहे. भंतेजी संध्याकाळी सातला वाचन करायचे, पण पोरं सहालाच यायला लागली होती. भंतेजी पोरांकडून इंग्रजीचे धडे वाचून घ्यायचे, गणित करून घ्यायचे. दोन घरांत दारू पिऊन मारझोड चालायची. ते रोज त्याच वेळी त्या गल्लीतून चालत जायचे, बोलायचे काहीच नाहीत. त्या दिवसांत तिथे आवाज ऐकू आला नाही. कुलूप लावलेल्या अभ्यासिका मी दोन गावांत पाहिल्या आहेत, पुस्तकांना वाळवी लागलेल्या. दार उघडणारा माणूस लागतो. तो गावातला मिळाला तरी उत्तमच. आम्हाला मिळालेला नाही.

बाबासाहेबांची टीका मी अशी वाचतो: भिक्खू शिकलेला आणि सेवा करणारा असावा. तसा भिक्खू मिळाल्यावर त्याला उपाशी ठेवायचं, हे तर त्या टीकेत कुठेच बसत नाही.

श्रामणेर_होतो

मी आधी दहा दिवसांच्या शिबिरात चीवर घेतलं होतं, नंतर पुन्हा घेतलं आणि दोन वर्षं श्रामणेर, म्हणजे भिक्खू होण्याआधीचा शिकाऊ, म्हणून राहिलो. वडील गेल्यावर घर सांभाळायला परत आलो. ताटाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो, कारण ती बाजू कोणी लिहीत नाही.

उपासकांनी भिक्खूला द्यायचे प्रत्यय चार: चीवर, पिंडपात, सेनासन, गिलानप्रत्यय. म्हणजे वस्त्र, अन्न, राहण्याची जागा, आजारपणातलं औषध. आपल्या भागात लोक पहिल्याच्या मागे इतके लागतात की बाकीचे तीन विसरतात. अकोला जिल्ह्यातल्या एका गावात आमच्या वृद्ध भंतेजींना चीवरदानाच्या दिवशी एकवीस चीवरं मिळाली. मीच घड्या घालून पत्र्याच्या पेटीत ठेवली, पेटीचं झाकण बसेना. त्याच रात्री त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीच्या पाकिटात शेवटची गोळी होती. दुकान चौदा किलोमीटरवर. त्यांनी कोणाला मागितलं नाही, कारण मागायचं नसतं. निमंत्रण नसताना भिक्खू "मला अमुक द्या" म्हणत नाही. म्हणून उपासकाने आधीच म्हणून ठेवावं लागतं, "भंतेजी, औषध लागलं तर मला सांगा, मी आणून देतो." या एका वाक्याला पवारणा म्हणतात. ते म्हटलं की भिक्खू मोकळेपणाने सांगू शकतो. तुमच्या गावात हे वाक्य कोणी म्हटलं होतं का?

जेवणाबद्दलही थोडं. साठीपुढच्या भंतेजींना बहुधा साखर असते. सलग पंधरा दिवस खीर, पुरी, गुलाबजाम म्हणजे श्रद्धेने केलेला त्रास. वरण-भात, माठाची किंवा तरोट्याची भाजी, एक भाकर. घरी जे शिजतं तेच द्या. आणि पहाटेचा नाश्ता, निदान पेज. बाराच्या जेवणाची आठवण सगळ्यांना असते, सकाळी साडेसहाची कोणाला नसते. रोवणीच्या दिवसांत तुमच्या बाया चारला उठून डबे करतातच ना? तेव्हाच एक डबा जास्तीचा विहारात पोचला तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

शौचालयाचं दार लागतं का तेही बघून घ्या. खरं सांगतो, मी एक गाव त्याच कारणाने सोडलं.

अडाणकाठ

यवतमाळ जिल्हा, कापूस-सोयाबीनवाला. आमच्याकडं रोवणी नाही, पण डवरणी-निंदणीत हेच हाल होतात.

मला पैशाचं बोलायचं आहे. आमच्या विहारात वाद झाला तो जेवणावरून नाही, पाकिटावरून. एका घरी परित्राण पाठ (घराच्या मंगलासाठी भिक्खू म्हणतात तो सुत्तपाठ) झाला, घरमालकाने पाकीट दिलं. दुसऱ्या घरी कमी दिलं. मग कोण किती देतो याची चर्चा सुरू झाली आणि भंतेजींकडे बघण्याची नजरच बदलली. शेवटी समितीतल्याच एकाकडे जमलेल्या रकमेचा हिशोब लागेना. नाव-गाव लिहीत नाही, पण त्या वर्षापासून आमचं विहार बंद पडल्यासारखं आहे.

सुत्तनिपात या पाली ग्रंथातलं कसिभारद्वाज सुत्त मला त्यानंतर समजलं. पेरणीचे दिवस, भारद्वाज ब्राह्मणाचे पाचशे नांगर चाललेले, तिथे भगवान भिक्षेला उभे राहतात. ब्राह्मण म्हणतो, मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो, तूही नांगर आणि मग खा. भगवान म्हणतात, मीही नांगरतो: श्रद्धा माझं बी, तप माझा पाऊस, प्रज्ञा माझं जू आणि नांगर. ब्राह्मण खूश होऊन खिरीचं ताट पुढे करतो. आणि भगवान ते घेत नाहीत. गाथा म्हणून मिळालेलं अन्न मला खाण्याजोगं नाही, म्हणतात. आपण या गोष्टीतला नांगर सगळ्यांना सांगतो, परत केलेलं ताट सांगत नाही. पाठाचा मोबदला म्हणून काही द्यायचंच नसतं. जे द्यायचं ते भिक्खू जगावा म्हणून.

पैसा आलाच तर त्याची रीतही विनयात आहे. मेण्डक गृहपतीच्या निमित्ताने भगवानांनी परवानगी दिली ती अशी: उपासकांनी पैसा कप्पियकारकाकडे, म्हणजे संघाच्या वतीने सांभाळणाऱ्या गृहस्थाकडे ठेवावा, आणि त्यातून जे भिक्खूला चालतं तेवढं त्याने आणून द्यावं. पैसा भिक्खूच्या हाती जात नाही. तर दादा, तुमच्या समितीत आधी कप्पियकारक ठरवा, शक्यतो दोन जण, त्यातली एक बाई. आणि हिशोब दर पौर्णिमेला विहाराच्या फळ्यावर खडूने लिहा. वही कोणी उघडत नाही, फळा सगळे वाचतात.

मोहफूल

आरमोरीकडची आहे. धागा सकाळपासून वाचते आहे. सगळं बरोबर चाललं आहे, पण एक गोष्ट अजून कोणी बोललं नाही.

पाळी घराची लावली म्हणता. घर स्वयंपाक करत नाही, बाई करते. बैठकीत "आमच्या घरी सोमवार लिहा" म्हणणारा माणूस आणि सोमवारी चुलीपुढे बसणारी बाई वेगळी असते. तुमची पाळी मोडली कारण ती बायकांना न विचारता लावली होती. मी तुमच्या गावची नाही तरी पैजेवर सांगते.

आळवीच्या शेतकऱ्याची गोष्ट माहीत असेल. भगवान तिथे धम्म सांगायला आले त्या दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधून तो दुपारी उशिरा, उपाशीच सभेत आला. भगवानांनी धम्म सुरू केला नाही. आधी त्याला जेवायला वाढायला लावलं. तो जेवल्यावर बोलायला सुरुवात केली. 'जिघच्छा परमा रोगा', भूक हा सगळ्यात मोठा रोग, ही धम्मपदातली गाथा त्या प्रसंगाची आहे. मला ही गोष्ट दोन्ही बाजूंनी लागू वाटते. भंतेजी उपाशी राहू नयेत. आणि दिवसभर चिखलात वाकून आलेल्या बाईला सात वाजता वाचनाला का येत नाहीस म्हणून विचारूही नये. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत वाचन रात्री साडेआठला असतं, अर्धाच तास. तेवढ्यातही कोणी बसल्या बसल्या झोपलं तर भंतेजी आवाज हळू करतात.

आमच्या विहारात आता पुरुषांच्याही पाळ्या आहेत. पहिल्यांदा भात करपला. भंतेजींनी खाल्ला. आता नाही करपत.

मूळगाव_पवनी

मी नोकरीनिमित्त नागपुरात. मूळ गाव तुमच्याच तालुक्यात आहे, कदाचित शेजारचंच असेल. आम्ही आठ-दहा जण मिळून गावच्या विहाराला प्रवेशद्वार बांधून देणार होतो, सांचीच्या तोरणासारखं. धागा वाचून हात थांबला.

१५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा या कामासाठी द्यावा असं सांगितलं होतं. पगार घेणाऱ्यांपैकी तेवढं किती जण देतात ते मला माझ्यावरूनच माहीत आहे. मी वर्षातून एकदा मोठी पावती फाडतो आणि फोटो काढून परत येतो. महिन्याला थोडं थोडं पाठवायचं ठरवलं तर ते कशासाठी लागेल ते सांगा. तोरणाचं नंतर बघू.

वैनगंगाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद प्रिंट काढून मी रविवारच्या बैठकीत वाचून दाखवले. मोहफूलताई, तुमचा आधी वाचला. मागच्या रांगेतून एक काकू म्हणाल्या, "हे तं मीच सांगत होतो, कोनं आयकलं?" त्यामुळे पैज तुम्ही जिंकलात.

ठरलं ते असं. पाळी यंदा बायकांनी स्वतः लिहिली. चव्वेचाळीसपैकी एकतीस घरांनी नाव दिलं, बाकीच्यांवर जबरदस्ती नाही. रोवणीचे वीस दिवस स्वयंपाक विहारात: दोन आजी आणि त्यांच्या हाताखाली रोज एक पुरुष. कप्पियकारक म्हणून अंगणवाडीच्या ताई आणि मी. फळा धुऊन काळा रंग दिला आहे. मूठ सुरू झाली, पहिल्या अमावास्येला एकोणीस किलो तांदूळ जमला. माझ्याशी न बोलणाऱ्या दोन घरांपैकी एका घरचाही डबा आला, सुनेने आणला.

मूळगाव_पवनी, तुम्हाला जे विचारायचं होतं ते इथेच सांगतो. शौचालयाचं दार आणि पाण्याची टाकी आधी. मग दोन आजींची रोजी. आणि दरमहा औषधासाठी थोडी रक्कम, कारण भंतेजींची गोळी नागपूरहून आणायला तुम्हीच सोयीचे आहात.

गेल्या वर्षीच्याच भंतेजींकडे मी आणि आई गेलो होतो. आईने पंचांग प्रणाम करून माफी मागितली. मग मी श्रामणेर_होतो यांनी सांगितलेलं वाक्य म्हटलं, औषध लागलं तर मला सांगा म्हणून. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सकाळी पेज मिळाली तरी चालेल." आषाढ पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येतो म्हणाले आहेत.

पिंपळपान, एक विचारायचं राहिलं. पावसाळ्यात पिंपातल्या तांदळाला सोंडे लागतात, तुम्ही काय करता?

पिंपळपान

साधू साधू साधू. वाचून डोळे भरून आले.

कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून थराथरात टाका, ओला अजिबात नको. पिंप भिंतीला टेकवू नका, खाली पाट ठेवा. आणि नवा तांदूळ टाकताना जुना आधी काढून वर घ्या, नाहीतर तळचा तसाच राहतो आणि कीड तिथूनच सुरू होते.